मागील डिस्क ब्रेकची जुळवणी (एक्सल बदललेली जुनी मोटारगाडी)

जुन्या मोटारगाडीचा मूळ मागील एक्सल (धुरा) काढून दुसऱ्या गाडीचा एक्सल बसवल्यानंतर त्याला योग्य मापाची डिस्क, कॅलिपर, हँडब्रेक व द्रवदाब यंत्रणा बसवण्याच्या प्रक्रियेस मागील डिस्क ब्रेकची जुळवणी असे म्हणतात. सुटे भाग एकमेकांत बसले म्हणजे हे काम पूर्ण होत नाही. पुढील व मागील ब्रेकच्या बलांचे योग्य प्रमाण राखणे हा त्याचा गाभा आहे. हे प्रमाण बिघडल्यास मागे अधिक प्रभावी ब्रेक असूनही गाडी पूर्वीपेक्षा धोकादायक ठरते.

पार्श्वभूमी

डिस्क ब्रेकचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. मात्र मोटारगाड्यांमध्ये त्यांचा प्रसार १९५० च्या दशकानंतर झाला. भारतात २०१४ पर्यंत तयार होणारी हिंदुस्तान ॲम्बॅसिडर आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांना मागे अखंड एक्सल, पाट्यांच्या स्प्रिंग व ड्रम ब्रेक होते. क्राउन-पिनियन झिजणे, सुटे भाग न मिळणे किंवा अधिक शक्तीचे इंजिन बसवणे या कारणांनी अशा गाड्यांचा एक्सल बदलला जातो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे वाहन उद्योगाचे केंद्र आहे. वाळूज येथे बजाज ऑटोचा, तर शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना आहे. दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे मुख्यालयही याच शहरात आहे. तथापि दुचाकीचे कॅलिपर दुचाकीच्याच वजनासाठी आखलेले असतात. ते मोटारगाडीस चालत नाहीत. शेंद्रा येथे २००१ पासून जुळणी झालेल्या ऑक्टाव्हियाच्या अनेक आवृत्त्यांत मागेही डिस्क ब्रेक असतात. परंतु या गाडीची पुढील चाके चालित असल्याने तिच्या मागील हबमधून चाक फिरवणारा दांडा जात नाही. त्यामुळे तिचा हब अखंड एक्सलवर जसाच्या तसा बसत नाही. फार तर डिस्क व कॅलिपर वापरता येतात.

मापांची जुळवणी

प्रथम एक्सलची एकूण रुंदी, चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ (पीसीडी), डिस्कच्या मध्यछिद्राचा व्यास आणि एक्सल-नळीच्या टोकावरील फ्लँजच्या छिद्रांची रचना मोजली जाते. डिस्क हबवर मध्यछिद्राने केंद्रित झाली पाहिजे. ती केवळ बोल्टांवर टेकल्यास कंप निर्माण होतो. कॅलिपरचा ब्रॅकेट फ्लँजवर बसतो आणि ब्रेक लावताना निर्माण होणारा सर्व पीळ त्यालाच सहन करावा लागतो. कॅलिपर डिस्कवर मध्यभागी यावा व चाकाच्या रिमला घासू नये, याची खात्री करावी लागते.

फिरताना डिस्कचे डगमगणे साधारणतः ०.१ मिमीच्या आत असावे. एक्सलच्या दांड्याला बेअरिंगमध्ये आडवी ढिलाई असल्यास वळणावर डिस्क सरकून कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जाते. ड्रम ब्रेकमध्ये हा दोष सहसा जाणवत नाही.

ब्रेक-बलाचे संतुलन

ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे सरकतो. उदाहरणार्थ, ९०० किलो वजन, २.३४ मीटर चाकांतर व जमिनीपासून ०.५५ मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली गाडी गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट मंदनाने थांबत असेल, तर सुमारे १४८ किलो भार पुढे जातो. स्थिर अवस्थेत दोन्ही बाजूंना समान भार असल्यास त्या क्षणी मागे सुमारे ३०० किलो, म्हणजे एकूण भाराचा एक तृतीयांश भागच उरतो. मागील ब्रेकचे बल याहून जास्त झाल्यास मागील चाके आधी जखडतात. जखडलेल्या चाकाची बाजूची पकड सुटते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. पुढील चाके आधी जखडल्यास सुकाणूचा ताबा सुटतो, तरी गाडी सरळ रेषेत राहते. म्हणून पुढील चाके आधी जखडतील अशीच रचना केली जाते.

डिस्क ब्रेकचा पीळ हा दाब, पिस्टनचे क्षेत्रफळ, घर्षणांक व डिस्कची परिणामी त्रिज्या यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. ३४ मिमी ऐवजी ३८ मिमी व्यासाचा पिस्टन घेतल्यास क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर मागील ब्रेकचे बल, सुमारे २५ टक्क्यांनी वाढते.

द्रवदाब यंत्रणा व हँडब्रेक

ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या फिरण्यामुळेच एक ब्रेक-शू ड्रमवर अधिक दाबला जातो. डिस्कमध्ये असे स्ववर्धन नसल्याने जास्त दाब लागतो आणि बहुधा व्हॅक्यूम बूस्टर बसवावा लागतो. ड्रमसाठीच्या काही मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब शिल्लक ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिल्यास पॅड डिस्कला सतत घासून ब्रेक तापतात. मास्टर सिलिंडरचा व्यास लहान पडल्यास पेडल खोल जाते, मोठा झाल्यास ते जड होते. मागील दाब मर्यादित करण्यासाठी प्रमाण-नियंत्रक झडप बसवतात. परंतु चुकीच्या मापाच्या कॅलिपरवरचा तो उपाय नव्हे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ नुसार मोटारगाडीस पायाच्या ब्रेकखेरीज पार्किंग ब्रेकही आवश्यक असतो. त्यामुळे यांत्रिक हँडब्रेक असलेला कॅलिपर, किंवा डिस्कच्या आत लहान ड्रम असलेली रचना निवडावी लागते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होण्यासाठी ते मूळ स्वरूपात असावे लागते. चौकट, सांगाडा किंवा इंजिनातील मोठे फेरबदल त्यास बाधक ठरतात. एक्सल बसवताना चौकट कापली किंवा तिला नवे आधार जोडले, तर हा प्रश्न उद्भवतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट ठरते.