सवलत मागण्याआधी वाट ठरवू या



जिंतूर तालुक्यातील आपल्या वाड्या-वस्त्यांवर दिव्यांग मूल नववीत गेले की पालक मला हमखास विचारतात, "सर, परीक्षेत हिला काय काय सूट मिळेल?" प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी दुसरा प्रश्न यायला हवा : दहावीनंतर हिला काय शिकायचे आहे? या अंकात त्याविषयीच लिहितो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार सांगितले आहेत. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे दार उघडे आहे; तिथवर नेणारे विषय मात्र आपणच निवडायचे आहेत.

दहावीच्या सवलती दोन प्रकारच्या असतात, हे नीट समजून घ्यावे.

पहिल्या प्रकारात विषय तेच राहतात, परीक्षा देण्याची रीत सोपी होते. दर तासाला 20 मिनिटे जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. मूल पात्र असेल तर ही सवलत निःशंक घ्यावी. तिने पुढची कोणतीही वाट बंद होत नाही.

दुसऱ्या प्रकारात विषयच बदलतो. दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित, विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र, किंवा भाषा विषयांत सूट मिळू शकते. काही मुलांसाठी हाच उत्तम मार्ग असतो. मात्र त्याची किंमत आधी माहीत हवी. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावीत गणित व विज्ञान लागते. शिवणकामाच्या ट्रेडला आठवी उत्तीर्ण पुरते. अकरावी विज्ञानाचा अभ्यासही या दोन विषयांवरच उभा असतो. हात अधू असलेल्या, पण गणितात हुशार असलेल्या मुलीला लेखनिक हवा, अंकगणित नको. परभणीतच कृषी विद्यापीठ आहे. दहावीनंतरच्या कृषी पदविकेचा विचार असेल तर तिच्या अटीही आधीच विचारून घ्याव्यात.

म्हणून आमचा क्रम असा ठरला आहे. आठवीच्या सुट्टीत परभणीच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी, दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड. नववीच्या जूनमध्ये मूल, पालक व वर्गशिक्षक एकत्र बसून दोन-तीन वाटा कागदावर मांडतात. मुलाचे म्हणणे आधी ऐकायचे, हा नियम. मग मुख्याध्यापकांमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव जातो.

आपल्याकडे एक अडचण आणखी असते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. तेव्हा सही, फोटो, मूळ कागद यांसाठी पालक सापडत नाहीत. म्हणून सगळी कागदपत्रे दसऱ्याआधी पुरी करावीत. अनुसूचित जमातीचा दाखलाही सोबतच काढावा. दिव्यांग आरक्षण मिळते म्हणून जमातीचा हक्क सुटत नाही. दोन्ही कागद लागतात.

शाळा सुटलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहे. तिथे विषय निवडता येतात आणि पाच वर्षांच्या मुदतीत एकेक करून परीक्षा देता येते.

आपण काय करू शकाल? परभणीला जाण्या-येण्याचा खर्च उचला. सुट्टीच्या दिवशी एखाद्या मुलाला धडा मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या वस्तीत आठवी-नववीत दिव्यांग मूल असेल तर आम्हाला आताच कळवा. दहावीचा अर्ज भरताना कळले, तर निवडायला फार थोडे उरलेले असते.