वीणेला टेप लावताना

हा भाग मोताळ्याला घरी रेकॉर्ड केलाय. ऑडिओत मधेच ट्रॅक्टर ऐकू येईल, तो तसाच ठेवलाय.

गावात सप्ता चालू होता. देवळातली जुनी वीणा मोजावी म्हणून मी शिंप्याची टेप घेऊन गेलो. वीणेकरी बाबांना म्हटलं, "बाबा, जरा आडवी ठेवता का?" ते म्हणाले, "सप्त्यात वीणा खाली टेकत नाही रे बाबू." मग ते उभे आणि मी टेप धरून त्यांच्याभोवती फिरतोय! वरच्या आटीपासून घोडीपर्यंत तार तीनदा मोजली: ८६.४, ८६.१, ८६.५ सेंटिमीटर. तिन्ही आकडे लिहून ठेवले. फक्त सरासरी लिहिली तर आपला हात किती हलला, हे पुढच्याला कळणारच नाही.

पण घोडी नवीन निघाली. मधे दुरुस्तीला दिली तेव्हा जुनी काढून टाकली म्हणे. म्हणजे मी मोजलेली लांबी मूळ कारागिराची, की दुरुस्ती करणाऱ्याची? जुन्या घोडीचा साधा फोटोही कुणाकडे नाही.

एवढं काय त्यात, असं वाटेल. तर बघा, तार तीच, ताण तोच, आणि लांबी १०० वरून ९० सेंटिमीटर केली, तर सूर जवळपास 'सा'चा 'रे' होतो. लांबी, तारेचं वजन आणि सूर माहीत असेल तर लाकडावर किती ताण येतो तेही काढता येतं. जुन्या दांडीवर भलतीच जाड तार चढवून ती वाकवण्याआधी हे गणित केलेलं बरं.

आता गंमत ऐका. मोताळ्याहून बुलढाणा, अजिंठा, सिल्लोड करत गेलं की पुढे देवगिरी, म्हणजे दौलताबाद. तिथे १३व्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. हा माणूस दरबारात हिशेबाच्या कामावर होता. (मला तो लगेच आपल्यातला वाटला.) वाद्यांच्या अध्यायात त्याने एकतंत्री, किन्नरी अशा वीणांची मापं हात आणि अंगुळांत दिलीत. पण अंगुळ म्हणजे नेमकं किती? समजा दांडी तीन हात, म्हणजे ७२ अंगुळं. अंगुळ धरताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर दांडीत ७.२ सेंटिमीटरचा फरक! त्या काळची एक खरी वीणा हातात असती तर हा प्रश्न सुटला असता. पण भोपळा आणि लाकूड. कीड लागते, ओल लागते, तडा जातो. वेरूळला दगडातल्या वीणा राहिल्या. पण शिल्पकाराने हाताच्या मानाने दांडी किती ताणली, ते कोण सांगणार?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये साधारण १३०० सालचं एक सिटोल आहे, छेडून वाजवायचं तंतुवाद्य. नंतर कुणीतरी त्याचं व्हायोलिन करून टाकलं. अंग आणि दांडी एकाच लाकडातून कोरलेली, ती मूळची. वरची तबली मात्र नंतरची. तिथे मोजणाऱ्याचं पहिलं काम हेच, कुठलं माप कुठल्या काळाचं ते वेगळं करणं. आमच्या घोडीचा घोळ तोच, फक्त आमच्याकडे नोंद नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मिळाला. तिथल्या कारागिरांच्या हातात पिढ्यांची मापं आहेत, पण हातातलं कागदावर आलं नाही तर पुढे पुन्हा अंगुळच मोजत बसावं लागेल.

तुमच्या गावात जुनी वीणा, किंगरी, तुणतुणं काही असेल तर फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवा आणि मोबाईल वाद्याला सरळ समोर धरा, तिरका नको. तारेची मोकळी लांबी, भोपळ्याचा घेर, दांडीची रुंदी, खुंट्यांमधलं अंतर लिहा. तडे आणि जुने डिंकाचे डागही टिपा, पुसू नका. आणि काही बदललं असेल तर कोणी, कधी, विचारून घ्या.

माझा भोपळ्याचा घेर राहिलाय. काला झाला की वीणा खुंटीला लागते, तेव्हा बाबांनी बोलावलंय. पुढच्या भागात आकडा सांगतो.