कानाला जिभेची साथ

पेडणे तालुक्यात जत्रेच्या रात्री दशावतारी नट रंगमंचावर येतो, तेव्हा त्याच्यापाशी लिहिलेली संहिता नसते. घरी कोकणी बोलणारा हा कलावंत तेथे भारदस्त मराठीत आयत्या वेळी संवाद रचतो. ज्येष्ठ नटांचे ऐकून आणि त्यांच्यासमवेत बोलून ती भाषा त्याच्या मुखी रुळलेली असते. डिचोलीतील घरांतही चतुर्थीला घुमटाच्या साथीवर मुले मराठी आरत्या अशाच शिकतात. अर्थ पुढे कळतो. शब्द आधी ओठांवर येतात.

ऐकणे आणि बोलणे यांची ही सांगड मेंदूतच आहे. 1861 मध्ये पॉल ब्रोका यांनी मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाचा बोलण्याशी, तर 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी मागील भागाचा आकलनाशी संबंध दाखविला. त्यावरून रूढ झालेली ‘एक भाग बोलणारा, दुसरा समजणारा’ ही वाटणी मात्र पुरती खरी नव्हे. जीभ थरथरवून उच्चारावा लागणारा ‘र्र’ असलेला शब्द नुसता ऐकतानाही मेंदूतून जिभेच्या स्नायूंकडे जाणारा मार्ग अधिक सजग होतो, असे 2002 मध्ये इटलीतील संशोधकांना आढळले. उलटपक्षी, बोलताना आपण स्वतःचा आवाज ऐकून आणि जिभेचा स्पर्श जाणून उच्चार सावरत असतो. यंत्राच्या साहाय्याने तोच आवाज किंचित उशिरा कानी पाडला, तर चांगला वक्ताही अडखळतो.

2015 मध्ये कॅनडात झालेला एक प्रयोग आपल्याला विशेष जवळचा आहे. इंग्रजी भाषक घरांतील सहा महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘द’ आणि ‘ड’ यांच्यासारखे ध्वनी ऐकविण्यात आले. जिभेचे टोक अडविणारे चावण्याचे खेळणे तोंडात असताना त्यांना हा भेद कळेनासा झाला. जीभ मोकळी असता तो कळत होता. म्हणजे बोलू न लागलेले मूलही ऐकताना जिभेची मदत घेते. पुढे असे ध्वनी कानी पडले नाहीत, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस ही जाण ओसरू लागते.

परप्रांतातील आपल्या घरांत ‘मुलांना मराठी समजते, पण बोलत नाहीत’ असे अनेकदा ऐकू येते. समजण्यावर समाधान मानून चालणार नाही. ‘ळ’ आणि ‘ण’ नुसते कानी पडून भागत नाही. ते जिभेवर घोळावे लागतात. मुलांकडून रोज एखादी आरती किंवा गोष्ट मोठ्याने म्हणवून घ्यावी, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मराठीतच येईपर्यंत थोडा धीर धरावा.