आश्वासन काउंटीचे, अधिकार कोणाचा?

1 मे 2025 रोजी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर काउंटी कौन्सिलच्या 69 जागांसाठी मतदान झाले. अशा निवडणुकीच्या आधी घरोघरी उमेदवारांची पत्रके येऊन पडतात. त्यांवरचे विषय वाचून कोणालाही ओळखीचे वाटतील: रस्त्यांवरचे खड्डे, शहरातली वाहतूक, शेतांवर उभी राहणारी नवी घरे, बंद झालेली बस, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळा, आणि त्या वर्षी ऑक्सफर्डच्या पश्चिमेला आणि वायव्येला होऊ घातलेला एक प्रचंड सौरऊर्जा प्रकल्प. प्रत्येक विषयावर प्रत्येक उमेदवाराला मत असते आणि ते ठामपणे मांडलेले असते. पण त्यातले काही विषय काउंटीच्या हातात असतात, काही अर्धेच, तर काहींवर काउंटीला काडीचाही अधिकार नसतो. पत्रकावर मात्र ते सगळे सारख्याच ठळक अक्षरांत छापलेले असतात. उमेदवाराचे मत पटते की नाही हे ठरवण्याआधी, तो बोलतोय ते काम नेमके कोणाचे, हे समजून घ्यायला हवे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना याचा थेट उपयोग आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, तिथे कायदेशीर वास्तव्याची परवानगी असलेला भारतीय नागरिक ब्रिटिश पासपोर्ट नसतानाही मतदार होऊ शकतो. स्थानिक निवडणुकीत आणि संसदेच्याही. कायमस्वरूपी राहण्याची परवानगी मिळाली असेल, तर स्थानिक निवडणुकीला उभेही राहता येते. अनेकांना हे माहीत नसते.

आता रचना. काउंटी कौन्सिल 1889 पासूनच्या, आजची चौकट 1974 सालची. ऑक्सफर्डशायरमध्ये सर्वांत वर काउंटी कौन्सिल. तिच्या हद्दीत पाच डिस्ट्रिक्ट कौन्सिल: ऑक्सफर्ड शहर, चेरवेल, साउथ ऑक्सफर्डशायर, व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स आणि वेस्ट ऑक्सफर्डशायर. गावपातळीवर पॅरिश कौन्सिल. महाराष्ट्रातल्या वाचकाला जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत ही उतरंड आठवेल, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे महानगरपालिकेचे शहर जिल्हा परिषदेच्या कारभाराबाहेर असते. ऑक्सफर्ड शहर मात्र काउंटीच्या आतच आहे. शहराची स्वतःची कौन्सिल असली, तरी शहरातल्या रस्त्यांविषयीचे निर्णय काउंटी घेते. ऑक्सफर्डमधल्या कित्येक वादांचे मूळ इथे आहे.

रस्ते, शाळांतल्या जागांचे नियोजन, शाळेची बस, वृद्ध आणि अपंगांची देखभाल, निराधार मुलांचे संगोपन, ग्रंथालये, अग्निशमन ही काउंटीची कामे. घरबांधणीच्या परवानग्या, सामाजिक घरे, बागा ही डिस्ट्रिक्टची. कचरा दारातून उचलते डिस्ट्रिक्ट आणि त्याची विल्हेवाट लावते काउंटी. कौन्सिल टॅक्स या घरपट्टीसारख्या कराचे बिल डिस्ट्रिक्टच्या नावाने येते, पण त्यातला सर्वांत मोठा वाटा काउंटीकडे जातो. त्यामुळे बिल वाढले की लोक ज्या कौन्सिलवर चिडतात, ती बहुतेक वेळा वाढीला जबाबदार नसते.

खड्ड्यांपासून सुरुवात करू, कारण तो प्रत्येक पत्रकावर असतो. 1980 च्या हायवेज कायद्याने रस्त्यांची निगा राखणे काउंटीला बंधनकारक केले आहे. म्हणजे विषय काउंटीचाच, पण सगळे रस्ते तिचे नाहीत. ऑक्सफर्डच्या बाजूने जाणारा ए34 आणि एम40 हे दोन्ही नॅशनल हायवेज या राष्ट्रीय यंत्रणेकडे आहेत. विटनीहून ऑक्सफर्डला येणारा ए40 मात्र काउंटीचा. ए34 वरची कोंडी सोडवतो म्हणणारा काउंटीचा उमेदवार फार तर पाठपुरावा करू शकतो. आपल्या गल्लीतल्या खड्ड्याबद्दल त्याला जरूर धरावे, पण ‘खड्डे बुजवीन’ एवढ्या उत्तरावर सोडू नये. खड्डा बुजवणे आणि खड्डा पडू न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. जुन्या रस्त्यावर वेळीच नवा थर दिला, तर हिवाळ्यात पाणी आत मुरून गोठत नाही आणि रस्ता फुटत नाही. त्यासाठी आज बऱ्या दिसणाऱ्या रस्त्यावर पैसा घालावा लागतो, आणि ज्याच्या दारात खड्डा आहे त्याला ते पटवणे अवघड असते. हा अग्रक्रम उमेदवार कसा लावणार, हा खरा प्रश्न आहे.

वाहतुकीचा विषय ऑक्सफर्डमध्ये सर्वांत तापलेला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये काउंटीच्या मंत्रिमंडळाने शहरातल्या सहा ठिकाणी ‘ट्रॅफिक फिल्टर’ बसवायला मंजुरी दिली: कॅमेरे गाड्या टिपतील, खासगी मोटारींना ठरावीक वेळात परवान्याशिवाय तिथून जाता येणार नाही, बस आणि सायकली मात्र मोकळ्या. पूर्व ऑक्सफर्डच्या गल्ल्यांत आधीच खांब आणि कुंड्या लावून आडवाटेने जाणाऱ्या गाड्या रोखल्या होत्या. त्याच सुमारास शहर कौन्सिलच्या विकास आराखड्यात ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना आली होती. दुकान, दवाखाना, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असावी, इतकाच तिचा अर्थ. दोन वेगळ्या कौन्सिलांच्या या दोन वेगळ्या योजना लोकांच्या मनात एक झाल्या, आणि माणसांना आपापल्या भागात कोंडून ठेवणार, अशी अफवा पसरली. फेब्रुवारी 2023 मध्ये शहरात मोठा मोर्चा निघाला. वाहतूक निर्बंधांना विरोध करायला सबळ कारणे होती आणि आहेत: दुकानदारांचे गिऱ्हाईक तुटते, रुग्णाला घेऊन जाणाऱ्याला वळसा पडतो, बंद केलेल्या गल्लीतली गर्दी शेजारच्या मुख्य रस्त्यावर लोटते. पण अफवेने त्या खऱ्या तक्रारींचे वजनच कमी केले.

त्यात भर पडली बॉटली रोडची. रेल्वे स्थानकालगतच्या पुलाच्या कामासाठी हा पश्चिमेकडचा मुख्य रस्ता एप्रिल 2023 मध्ये मोटारींना बंद झाला. काम नेटवर्क रेल या रेल्वे यंत्रणेचे, काउंटीचे नव्हे. तो रस्ता खुला होईपर्यंत काउंटीने फिल्टर लांबणीवर टाकले. म्हणून 2025 च्या निवडणुकीत मतदार जाहीर झालेल्या, पण सुरू न झालेल्या योजनेवर कौल देत होते. या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाने 69 पैकी 36 जागा जिंकून बहुमत मिळवले. सहा महिने व्हायच्या आत, 29 ऑक्टोबर 2025 पासून, त्याच सहा ठिकाणी मोटारींना दिवसाला 5 पौंडांचे तात्पुरते शुल्क लागू झाले. उमेदवाराला ‘फिल्टर हवेत की नकोत’ एवढेच विचारून भागत नाही, ते यातून दिसते. ‘फिल्टर लांबले तर त्याऐवजी काय कराल?’ हेही विचारायला हवे होते.

आता पैशाकडे येऊ. माझ्या मते कोणत्याही पत्रकाची खरी कसोटी इथेच लागते. काउंटी कौन्सिलांचा निम्म्याहून अधिक खर्च वृद्धांच्या, अपंगांच्या आणि मुलांच्या देखभालीवर होतो. हा खर्च ऐच्छिक नाही. 2014 च्या केअर कायद्याने पात्र ठरलेल्या माणसाला मदत द्यावीच लागते. विशेष गरजा असलेल्या मुलाला 2014 च्याच दुसऱ्या एका कायद्याने शिक्षण, आरोग्य व देखभालीचा लेखी आराखडा मिळण्याचा हक्क आहे, आणि मागणी केल्यापासून 20 आठवड्यांत तो पुरा व्हायला हवा. ऑक्सफर्डशायरमधल्या या सेवेत सर्वदूर गंभीर त्रुटी असल्याचे सरकारी तपासनीसांनी 2023 मध्ये नोंदवले. या मुलांच्या आईबापांनी काढलेली वर्षे आकड्यांत मावणारी नाहीत, म्हणून या विषयावर पोकळ बोलणाऱ्या उमेदवाराला मी तरी माफ करणार नाही. शाळांत जागा कुठे वाढवणार, मानसशास्त्रज्ञ कुठून आणणार, टॅक्सीने लांबच्या शाळेत पाठवण्याऐवजी जवळ सोय कशी करणार, हे सांगणारा उमेदवार ऐकण्यासारखा.

उत्पन्नाची बाजू बांधलेली आहे. देखभालीची जबाबदारी असलेल्या कौन्सिलला सार्वमत न घेता कौन्सिल टॅक्स वर्षाला 5 टक्क्यांहून कमीच वाढवता येतो. 2025–26 साठी ऑक्सफर्डशायरने 4.99 टक्के वाढ केली. बाकीचा पैसा मुख्यतः केंद्राच्या अनुदानातून आणि व्यवसाय करातून येतो. सक्तीचा खर्च वाढत गेला की कात्री लागते ती ग्रंथालये, बस, युवक केंद्रे यांना. 2016 मध्ये ऑक्सफर्डशायरने बसमार्गांना दिले जाणारे अनुदान बंद केले आणि अनेक खेड्यांची बस गेली.

त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट पैशाचा हा सगळा गुंता दाखवते. डेव्हिड कॅमेरन तेव्हा पंतप्रधान होते आणि ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीचे खासदारही. वृद्धांची दिवसकेंद्रे, ग्रंथालये यांच्यावरच्या कपातीबद्दल नाराजी व्यक्त करणारे पत्र त्यांनी काउंटीचे नेते इयन हडस्पेथ यांना लिहिले. दोघेही कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. हडस्पेथ यांनी सविस्तर उत्तर पाठवून सांगितले की अनुदान घटले आहे, जबाबदाऱ्या वाढल्या आहेत आणि कार्यालयीन खर्च आधीच कापून झाला आहे. देशाची तिजोरी ज्यांच्या सरकारकडे होती, त्यांनाही त्या निर्णयांचा आपल्या गावातला परिणाम उलगडला नव्हता.

‘कर वाढवणार नाही’ या वचनाचे काय होऊ शकते, ते शेजारच्या नॉर्थम्प्टनशायरने दाखवले. तिथल्या काउंटीने काही वर्षे कौन्सिल टॅक्स गोठवला. फेब्रुवारी 2018 मध्ये तिला नव्या खर्चावर बंदी घालणारी नोटीस काढावी लागली. पुढे 36 पैकी 21 ग्रंथालये बंद करण्याचा तिचा निर्णय उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. 2021 मध्ये ती काउंटी कौन्सिलच बरखास्त झाली. कारभारातले दोषही त्याला कारण होते, पण करवाढ टाळल्याची किंमत त्यात होतीच.

उरले ते विषय, ज्यांवर काउंटी निर्णय देत नाही. नव्या घरांना परवानगी डिस्ट्रिक्ट देते. काउंटी रस्ते आणि शाळांच्या दृष्टीने मत कळवते आणि बिल्डरकडून त्यासाठी पैसे मागते. बॉटली वेस्ट हा 840 मेगावॉटचा सौर प्रकल्प इतका मोठा आहे की त्याचा निर्णय ऊर्जामंत्र्यांच्या हाती. काउंटी तिथे फक्त बाजू मांडते. डॉक्टरची वेळ मिळणे हा राष्ट्रीय आरोग्य सेवेचा प्रश्न, पोलीस वेगळ्या यंत्रणेकडे. अशा विषयांवर उमेदवाराचे मत जाणून घेण्यात गैर काहीच नाही, त्यातून माणूस कळतो. पण ते मत म्हणजे वचन नव्हे.

आणि निवडून आलेला एकटा कौन्सिलर करू काय शकतो? बहुतेक निर्णय नेता आणि त्याचे मंत्रिमंडळ घेते, पूर्ण सभागृह मुख्यतः अंदाजपत्रक मंजूर करते. विरोधी बाकावरचा कौन्सिलर छाननी समितीत बसतो, प्रश्न विचारतो, इतरांच्या साथीने निर्णय फेरविचारासाठी परत बोलावू शकतो. पॅरिश कौन्सिलशी जमवून घेणारा कौन्सिलर गावात ताशी 20 मैलांची वेगमर्यादा, रस्ता ओलांडायची जागा, नीट केलेले गटार मिळवून देतो. ही छोटी कामे तो खरोखर करू शकतो, म्हणून मी त्यांना मोठ्या घोषणांपेक्षा जास्त मोल देतो.

दरम्यान ही रचनाच बदलू लागली आहे. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट मोडून सर्व कामे एकाच कौन्सिलकडे द्यायचे धोरण सरकारने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केले. तसे झाले की ‘हे माझे काम नाही’ ही सबब बरीच कमी होईल, पैशाचा प्रश्न मात्र तसाच राहील.

तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल तर मतदार यादीत नाव घाला. मतदानाच्या किमान 12 कामकाजी दिवस आधी नोंदणी व्हावी लागते. केंद्रावर फोटो असलेले ओळखपत्र लागते आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. उमेदवार दारात आला तर त्याला दोनच गोष्टी विचारा: हे काम तुमच्या कौन्सिलचे आहे का, आणि त्यासाठीचा पैसा तुम्ही कशातून कमी करणार?