ओझे उचलताना कमरेचे काय होते?

आपल्या समाजातील अनेक बांधव आजही गोदामात, मार्केट यार्डात, रेल्वेच्या मालधक्क्यावर आणि बांधकामावर ओझी वाहून संसार चालवितात. कमरेत उसण भरली की चार दिवस तेल चोळायचे व पुन्हा कामाला लागायचे, अशीच रीत पडली आहे. कर्त्या माणसाची कंबर गेली की घराची चूल आणि मुलांचे शिक्षण दोन्ही अडते. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

कमरेत पाच मणके असतात व दोन मणक्यांमध्ये लवचिक गादी असते. वाकून उचलताना खालच्या दोन गाद्यांवर सर्वाधिक भार येतो. हा हिशेब तराजूच्या दांडीसारखा आहे. पाठीचे स्नायू गादीच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. २० किलोचे ओझे तिच्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरले, तर ते तोलण्यास स्नायूंना दहापट, म्हणजे सुमारे २०० किलोची ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचे वजन निराळेच. तेच ओझे २५ सेंटिमीटरवर घेतले, तर ओझ्यामुळे पडणारी ओढ निम्मी होते.

यावरून नियम सहज कळतात. ओझे अंगाशी धरावे. पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून उचलावे. वळताना कंबर न पिळता पाऊल वळवावे. झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्याबरोबर वाकून जड उचलू नये.

परंतु केवळ युक्तीने भागत नाही. १०० किलोचे पोते कसेही उचलले तरी जडच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचविली. अमेरिकेतील सरकारी संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात तर उत्तम परिस्थितीतही मर्यादा २३ किलोच आहे. लहान पोती, ढकलगाडी व विश्रांती देणे हे मालकाचे कर्तव्य होय. थकलेला स्नायू मणक्याला सांभाळत नाही. मजूरमंत्री असताना परमपूज्य बाबासाहेबांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला आणि १९४६ साली कारखान्यातील आठवडा ४८ तासांचा झाला, त्याचे मोल येथे कळते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पण त्याचा लाभ मंडळात नोंदणी असलेल्यालाच मिळतो.

साध्या दुखण्यात अंथरुणावर पडून न राहता झेपेल तसे हिंडावे-फिरावे. मात्र पायातील जोर जाणे, जांघेत बधिरता येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी चोळत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील कष्टकऱ्यांना हे वाचून दाखवा. त्यांची नोंदणी झाली आहे काय ते विचारा, नसल्यास अर्ज तुम्ही भरून द्या. तथागतांनी देहदंडाचा मार्ग त्याज्य मानला. श्रमाला प्रतिष्ठा आहे, पण त्यासाठी देह झिजवून टाकणे हा धम्म नव्हे.

जयभीम!