वाघिणीखालचे रबर

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भिलाईला लागूनच चरोदा आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. येथील विस्तीर्ण यार्डात आज कोळशाच्या, खनिजाच्या व पोलादाच्या मालगाड्या येतात-जातात. त्यांतील बॉक्सएन जातीची वाघीण मूळ मर्यादेपर्यंत भरली, तर तिचे एकूण वजन ८१.२८ टन होते. म्हणजे चार आसांपैकी प्रत्येकावर २०.३२ टन.

हा भार मळसूत्री कमानी पेलतात, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु अनेक बोगींत आसाच्या टोकावर पोलादी पत्र्यांना घट्ट चिकटविलेली रबराची एक गादीही असते. दर चाकामागे एक, अशा वाघिणीस आठ. प्रत्येकीवर दहा टनांच्या आसपास ओझे. मग ती चेपून कशी जात नाही?

रबर मऊ खरे; पण दाबाने त्याचे घनफळ जवळजवळ घटत नाही, ते बाजूंना फुगू पाहते. पातळ थर दोन्ही अंगांनी पोलादाला जखडला की फुगण्यास केवळ कडांशी वाव उरतो. म्हणून असा थर वरून दाबता ताठ, तर आडवा सरकविता मऊ लागतो. वळणावर आस किंचित सरकू शकतो व चाकाची कड रुळावर कमी घासते.

जुन्या क्रीडामोटारीतील बुश याच घराण्यातले. एकात एक अशा दोन पोलादी नळ्या आणि मधे रबर. चाकाची भुजा हलली की रबर पिळते, घासत काहीच नाही, आणि तेलही लागत नाही. तो बदलताना मात्र एक चूक हमखास होते. मोटार जॅकवर, चाके लोंबती, आणि त्याच स्थितीत बोल्ट घट्ट आवळला, तर मोटार खाली येताच नव्या बुशाला पीळ पडतो, तो सुटत नाही, आणि रबर लवकर फाटते. यास्तव शेवटचे आवळणे वजन चाकांवर आल्यावरच करावयाचे असते.

ऊन, हवेतील ओझोन आणि वारंवार पिळण्यातून उत्पन्न होणारी उष्णता यांनी रबर तडकते. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. मोटारीचा बुश झिजला, तर खडखडाट व भरकटणारे सुकाणू चालकाला सावध करतात. वाघिणीत तक्रार करणारे कोणी बसलेले नसते. तेथे तपासनीसाला वाकून, विजेरीच्या उजेडात, गादीला तडा गेला आहे काय, पत्रा सुटला आहे काय, हे पाहावे लागते. आणि तसे आढळल्यास ती वाघीण बाजूला काढून, भार उचलून धरून, नवी गादी बसवावी लागते.