पाच वॅट आणि काही ठाम समजुती

१६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोकांचा मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच दिवशी चिमूरलाही तसंच घडलं. त्यानंतर या गावांवर जे अत्याचार झाले ते छापायची वृत्तपत्रांना सोय नव्हती. ते सांगितलं मुंबईतून लपूनछपून चालणाऱ्या काँग्रेस रेडिओनं. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत हे केंद्र चालवत होते. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी ते पकडलं. ट्रान्समीटर उभा करून देणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओवाले, आजच्या भाषेत हॅम. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारनं हौशी लोकांचे ट्रान्समीटर बंद करवले होते, त्यांच्यातल्याच एकाच्या हातून हे झालं. हे केंद्र ४२.३४ मीटरवर लागायचं. फ्रिक्वेन्सीत मांडलं तर साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. भारतातल्या हॅमना आज ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा जो पट्टा मिळालेला आहे, त्यात ही जागा बरोबर बसते.

हा इतिहास ऐकला की पहिला गैरसमज लगेच तयार होतो: हॅम रेडिओ म्हणजे आपलं खाजगी आकाशवाणी केंद्र. तसं नाही. काँग्रेस रेडिओ हे प्रसारण होतं, आणि कायदा मोडण्यासाठीच सुरू केलेलं होतं. हॅमच्या लायसन्सवर प्रसारण करता येत नाही. गाणी लावायची नाहीत, जाहिरात नाही, धंद्याचे निरोप नाहीत. लायसन्स असलेल्या एका माणसानं दुसऱ्या लायसन्सवाल्याशी बोलायचं, आपली कॉलसाइन, म्हणजे लायसन्ससोबत मिळालेलं सांकेतिक नाव सांगून, आणि कोणालाही ऐकता येईल अशा उघड भाषेत. मोर्स ही गुप्त लिपी आहे असंही अनेकांना वाटतं. तिचा तक्ता शालेय पुस्तकांत छापलेला असतो, मग गुप्त कसली? हॅमच्या पट्ट्यात संदेश सांकेतिक करून लपवायला उलट बंदीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वीज आणि फोन बंद पडल्यावर बॅटरीवरच्या छोट्या मोर्स सेटनं निरोप पाठवायचा म्हटलं की तो हमखास येतो: "पाच वॅटमध्ये वर्ध्याहून सेलूपर्यंत तरी पोचेल का?"

पाच वॅट म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी बल्बाइतकी वीज. मोर्स पाठवताना पाच वॅट किंवा त्याहून कमी शक्ती वापरणाऱ्यांना जगभर क्यूआरपीवाले म्हणतात. नेहमीचा घरगुती हॅम सेट १०० वॅटचा असतो, म्हणजे वीसपट. वीसपट शक्ती म्हटल्यावर वीसपट अंतर असं आपण मनात धरतो, आणि इथंच हिशोब चुकतो. रिसीव्हरवर आवाजाची ताकद ‘एस’ या पायऱ्यांत मोजतात. एक पायरी म्हणजे शक्तीत चौपट फरक. १०० वॅटवरून ५ वॅटवर आलात तर समोरच्याच्या काट्यावर दोन पायऱ्यांपेक्षा थोडंच जास्त कमी होतं. एस-९ चा सिग्नल एस-७ च्या आसपास येतो. तो सहज ऐकू येतो.

त्यात मोर्सची स्वतःची कमाई वेगळी. माणसाच्या आवाजाला साधारण २,४०० हर्ट्झची जागा लागते, मोर्सला दीडशे-दोनशे पुरते. रिसीव्हरचं दार तेवढंच किलकिलं ठेवलं की बाकीची खरखर बाहेर राहते. शिवाय कान शब्द शोधत नसतो. सूर आहे की नाही, एवढंच त्याला ओळखायचं असतं. म्हणून ज्या सिग्नलवर बोलणं कळत नाही, त्याच सिग्नलवर मोर्स लिहून घेता येतो.

पण खरी किमया शक्तीत नाही, आकाशात आहे. शंभर किलोमीटरच्या आणि त्याहून वरच्या हवेत सूर्यप्रकाशानं विद्युतभारित झालेले थर असतात, त्यांना आयनांबर म्हणतात. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झच्या लहरी तिथून वळून खाली येतात. किती वळतील हे वेळेवर, ऋतूवर आणि सूर्यावरच्या डागांवर ठरतं. सध्याच्या सौरचक्राचा कळस आल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. अशा वर्षांत कमी वॅटवाल्यांची चैन असते.

यातून एक गंमत निघते, ती नवख्याला पटवणं कठीण जातं: जवळचं सोपं आणि लांबचं अवघड, हा नियम इथं चालत नाही. वर्ध्यात दुपारी १४ मेगाहर्ट्झवर लावलात तर हजारो किलोमीटरवरचा माणूस ऐकू येईल आणि ७५ किलोमीटरवरचं नागपूर मुकं राहील, कारण लहर त्याच्या डोक्यावरून निघून जाते. नागपूर हवं असेल तर ७ मेगाहर्ट्झवर या, तेही दिवसा. आणि अँटेना उंच चढवू नका, खाली आणा. चार-पाच मीटर उंचीवरची तार लहरींना जवळजवळ सरळ वर फेकते, त्या वरून पाऊस पडावा तशा आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरांत उतरतात. आष्टी-कारंजाकडचे डोंगर मग आड येत नाहीत. पुणे इथून सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटर. तार थोडी उंच केली की तेही आवाक्यात येतं. रात्र चढू लागली की हाच पट्टा जवळच्यांसाठी बंद पडत जातो आणि दूरचे देश उघडतात.

अँटेना म्हणजे काय, तर ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर साधी वायर, मधोमध तोडून फीडर, म्हणजे सेटकडे येणारी केबल जोडलेली. दोन निंबाची झाडं आणि सुतळी. मोठा टॉवर लागतो हा समज बहुधा मोबाइल कंपन्यांनी आपल्या डोळ्यांसमोर उभा केला आहे.

"माझ्याकडे ऑनलाइन घेतलेला पाच वॅटचा वॉकीटॉकी आहे, तेच ना हे?" नाही. आकडा पाचच असला तरी तो हातातला सेट १४४ किंवा ४३० मेगाहर्ट्झच्या वर चालतो. त्या लहरी आयनांबरातून वळत नाहीत, सरळ अवकाशात जातात. नजरेच्या टप्प्यात असेल तोच ऐकणार. कपाशीच्या शेतात उभं राहून काही किलोमीटर, गिरडच्या टेकडीवरून बरंच जास्त. मधे ऐकलेलं पुन्हा पुढे पाठवणारा रिपीटर असला तर आणखी, पण रिपीटरला वीज लागते, आणि वीज गेल्यावरचाच तर हा सगळा विचार आहे.

विजेचा हिशोबही करून टाकू, कारण "जनरेटर लागेल" हे वाक्य हमखास येतं. फवारणीच्या बॅटरी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पाच वॅटचा साधा मोर्स सेट नुसता ऐकताना दहावा हिस्सा अँपिअर घेतो, आणि मोर्सची कळ दाबलेली असताना एक अँपिअरच्या आसपास. तासाभरात पंधरा मिनिटं पाठवलं आणि बाकी ऐकलं, तर ताशी ०.२ अँपिअर-अवर खर्ची पडतात, कारण पाठवतानाही कळ सारखी दाबलेली नसते. बॅटरी अर्धीच वापरायची ठरवली तरी पंधरा-वीस तास निघतात. छोटं सोलर पॅनल असेल तर प्रश्नच मिटला. वैशाखात मात्र बॅटरी उन्हात ठेवू नये. आपल्याकडचा पंचेचाळीस अंशांचा पारा तिचं आयुष्य खातो.

सेट महागच हवा असंही नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास ‘बिटएक्स’ नावाची रचना मांडली. ती इथल्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जोडता येत होती. परदेशी कॉइलच्या कडीऐवजी त्यांनी नळाचा वायसर सुचवला होता. शक्ती सहा वॅटच्या आसपास. हा सेट बोलण्याचा होता. नुसत्या मोर्सचे सेट याहूनही साधे असतात, कारण त्यांना सूर चालू आणि बंद एवढंच करायचं असतं.

मोर्सबद्दल दोन अगदी उलट समजुती एकाच वेळी नांदतात. एक, मोर्स केव्हाच मेला. दुसरी, मोर्स आल्याशिवाय लायसन्स नाही. १४ जुलै २०१३ ला बीएसएनएलची तारसेवा बंद झाली तेव्हा मोर्सला निरोप देणारे लेख खूप आले. प्रत्यक्षात तारघरांतला मोर्स त्याआधीच टेलिप्रिंटर आणि संगणकांनी घालवला होता. जहाजांवरचा १९९९ मध्ये संपला. उरला तो हौशी लोकांकडे. तोही सक्तीचा राहिलेला नाही: २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनं ती अट देशांच्या मर्जीवर सोडली. भारतात दोन दर्जे आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्सची परीक्षा नाही, कमाल शक्ती ५० वॅट. जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स घ्यायला आणि पाठवायला लागतो, त्यात ४०० वॅटपर्यंत परवानगी. बारा वर्षं पूर्ण झालेला कोणीही नागरिक परीक्षेला बसू शकतो. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा लायसन्स देते. तिचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन नागपुरातही आहे.

शिकताना टिंब-रेघांचा तक्ता पाठ करणारे हमखास अडकतात. मोर्स डोळ्यांचा नाही, कानांचा. ‘डाडाडिडा’ ऐकलं की क्यू हे अक्षर हातातून उतरलं पाहिजे, मधे टिंबं मोजायला वेळ नसतो. तबल्याचे बोल जो शिकलाय त्याला हे लवकर जमावं, असा माझा कयास आहे. एसओएस म्हणजे ‘सेव्ह अवर सोल्स’, हीदेखील मागाहून चिकटवलेली गोष्ट. १९०६ च्या बर्लिन परिषदेत ती खूण घेतली गेली ती सलग आणि ओळखायला सोपी म्हणून.

"पाच वॅटच तर आहेत, एवढ्याला कशाला लायसन्स?" कारण वर आलंच आहे: पाच वॅट हजारो किलोमीटर जातात. लायसन्सशिवाय वापरता येणारे वॉकीटॉकी वेगळे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, अर्ध्या वॅटचे. बाकीचे ऑनलाइन सर्रास विकले जात होते. मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं संकेतस्थळांना नोटिसा काढल्या आणि नियमही आणले. सेट बाहेर नेऊन वापरायचा तर लायसन्समधल्या अटी आधी वाचाव्यात. आणि जागा डोळसपणे निवडावी. बोर व्याघ्र प्रकल्पात वनविभागाच्या परवानगीशिवाय तार टांगायची नाही. पुलगावात दारूगोळ्याचं केंद्रीय भांडार आहे. त्याच्या आसपास अँटेना आणि हेडफोन घेऊन बसायची हौस कोणी करू नये.

शेवटचा समज मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. सेट पिशवीत असला की संकटात मदत येणारच. जुलै २०२२ च्या पुरानं हिंगणघाट परिसरात काय होतं ते दाखवलं. अशा वेळी असा सेट जवळ असावा असं वाटणं साहजिक आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरून निरोप पोचवले, हे खरंच. पण त्या तिथं आधीपासून परवानगी घेऊन केंद्र उभारून बसल्या होत्या. संपर्काला दुसरं टोक लागतं. पलीकडे त्याच वेळी त्याच फ्रिक्वेन्सीवर कोणी ऐकत नसेल तर पाच वॅट काय, पाचशेही वाया. पावसाळ्यात विजांची खरखर ७ मेगाहर्ट्झला अक्षरशः फोडून काढते, म्हणून दुसरी वेळ आणि दुसरा पट्टाही ठरलेला हवा.

निरोपही आधी कागदावर लिहावा. पंचवीस शब्द, आठ शब्दांच्या वेगानं तीन मिनिटांहून थोडे जास्त: कुठं, किती माणसं, काय हवं, कधीची माहिती. मराठी रोमन अक्षरांत पाठवावी लागते, तेव्हा गावांची स्पेलिंगं दोन्ही टोकांनी एकच धरावीत आणि नावापुढे तालुका-जिल्हा घालावा. नुसतं ‘कारंजा’ पाठवलं तर ऐकणारा वाशिमचं समजेल. गांधीजी सेगावला राहायला आले तेव्हा त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं होतं. १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम करण्यामागं हेच कारण होतं.